नेम

मराठी भाषेंत ‘नेम’ हा मोठा सोईचा शब्द आहे. देवापुढें रोज दिवा लावण्याचा नेम असतो. झाडावरच्या कैरीवर दगड भिरकावतांना मुलें नेम धरतात. आणि ज्या गोष्टीचा भरंवसा देतां येत नाहीं तिच्याविषयीं ‘तिचा कांहीं नेम नाहीं’ असें आपण सहज बोलून जातों. संस्कृतांतील ‘नियम’ या शब्दाचें हें मराठी रूप. रोजचा परिपाठ, लक्ष्यावरचा रोख आणि निश्चिति असे तीन अर्थ त्यानें आपल्या पदरांत बांधून घेतले आहेत. शाळेंत असतांना आम्ही मुलांना ही गंमत सांगत असूं, आणि हे तीनही अर्थ एकमेकांना कसे धरून आहेत तेंही समजावीत असूं. परिपाठावांचून रोख साधत नाहीं, आणि साधलेला रोख कायम टिकेलच अशी निश्चिति नाहीं. यांतील उत्तरार्धाचा अनुभव आमच्या घरानें अलीकडेच घेतला, व तोही आमच्या वयाच्या माणसानें जेथें सहसा डोकावूं नये असें समजतात अशा जागीं, म्हणजे संगणकावरील एका खेळांत.

ज्या घरांत सोळा ते पंचवीस वयाचा मुलगा आहे तेथें ‘काउंटर-स्ट्राइक’ हें नांव बहुधा ऐकून माहीत असेल. १९९९ सालीं दोघां तरुणांनीं दुसऱ्या एका खेळाला जोडलेली पुरवणी म्हणून हा खेळ तयार केला, आणि पुढें त्याच्या आवृत्तींमागून आवृत्ति निघत गेल्या. पांच-पांच गड्यांचे दोन पक्ष असतात. एक पक्ष ठराविक जागीं बॉम्ब लावूं पाहतो, दुसरा त्यास अडवितो. खेळ बंदुकीचा आहे हें आम्हांस प्रथम रुचलें नाहीं, व घरांतील बायकांना तर मुळींच नाहीं. परंतु ज्यांत पैसा लावला जातो ते ऑनलाइन खेळ निराळे आणि हे निराळे, हा भेद आतां कायद्यानेंही केला आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें संमत केलेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी केली, आणि ई-स्पोर्ट्स म्हणजे संगणकावरील स्पर्धात्मक खेळांस मान्यता दिली. त्यापूर्वींच, २०२३ सालच्या हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत अशा खेळांना पदकें होतीं. तेव्हां पोरखेळ म्हणून हा विषय उडवून लावणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आमच्या थोरल्या मुलाचा मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्गांपासून हा खेळ खेळत आला. अभ्यास संभाळून रात्रीं तास-दीड तास तो पडद्यापुढें बसे. एके दिवशीं आम्हीं त्यास विचारलें, “अरे, यांत शिकावयाचें तें काय? बटण दाबलें कीं गोळी सुटली.” त्यानें हंसून आम्हांस शेजारीं बसवून घेतलें, आणि एका कोऱ्या भिंतीवर बंदूक चालवून दाखविली. या खेळांतील एके-४७ बंदुकींत ३० गोळ्या असतात, व घोडा दाबून धरला तर त्या सुमारें तीन सेकंदांत संपतात. पहिली गोळी धरलेल्या रोखाच्या जवळपास जाते; पुढच्या गोळ्या बंदुकीच्या धक्क्यानें वर चढत जातात, मग एका बाजूस वळतात, मग दुसऱ्या. विशेष असें कीं, हें भरकटणें वाटेल तसें नसून त्याचा क्रम बांधलेला आहे. तो क्रम पाठ करावयाचा आणि आपला हात बरोबर त्याच्या उलट न्यावयाचा. गोळ्या वर जातील तसा माऊस खालीं ओढावयाचा. त्या डावीकडे वळल्या कीं हात उजवीकडे. शिवाय धांवतां धांवतां मारलेली गोळी लागत नाहीं; सबब थांबण्याचा क्षण आणि घोडा दाबण्याचा क्षण यांचीही सांगड घालावी लागते.

हें पाहून आम्हांस आमच्या पाठशाळेची आठवण झाली. पदें सुलट म्हणावयाचीं, मग उलट, मग पुन्हां सुलट, हा जटापाठाचा परिपाठ ज्यांनीं ऐकला आहे त्यांना, जीभ आपोआप चालूं लागेपर्यंत आवृत्ति करणें म्हणजे काय तें सांगावयास नको. नातवाची ही ३० गोळ्यांची संथा चार वर्षांत तशीच पक्की झाली होती.

२७ सप्टेंबर २०२३ रोजीं ती संथा बिघडली. २०१२ सालापासून चालत आलेली आवृत्ति बाजूस सारून त्या दिवशीं ‘काउंटर-स्ट्राइक २’ ही नवी आवृत्ति तिच्या जागीं आली. वरवर पाहतां खेळ तोच, बंदुका त्याच, मैदानेंही बव्हंशीं तींच. आंतील यंत्रणा मात्र बदलली होती. पूर्वी खेळ चालविणारा मुख्य संगणक सेकंदाचे ६४ भाग करी, आणि खेळाडूनें केलेली कृति पुढच्या भागाच्या ठोक्यावर जमेस धरी. नव्या रचनेंत दोन ठोक्यांच्या मधला नेमका क्षणही टिपला जातो. ऐकावयास हें सुधारणेचें वाटतें, आणि तें तसें आहेही. परंतु ज्याचा हात जुन्या ठोक्यांच्या तालावर तयार झाला त्यास प्रथम सर्वच बेताल वाटूं लागतें. पडद्यावर बंदुकीचें हलणें निराळें दिसूं लागलें. धुराचा गोळा पूर्वी रंगविलेल्या पडद्यासारखा स्तब्ध असे. आतां गोळी गेली कीं त्यांत भोंक पडतें आणि बॉम्ब फुटला कीं तो क्षणभर विरतो, तेव्हां धुराआडून रोख धरण्याचे जुने आडाखेही गेले. सामनाही आखूड झाला. पूर्वी ३० डावांपैकीं १६ जिंकणारा विजयी होई. आतां २४ पैकीं १३ पुरतात. म्हणजे आरंभीं चुकलेलें पुढें भरून काढावयास उसंत कमी.

आमचा नातू त्या वेळीं महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांत होता, व त्याच्या पांच जणांच्या संघांत मुख्य बंदूकधारी म्हणून त्याचा लौकिक होता. चार-पांच महिन्यांवर महाविद्यालयांमधील स्पर्धा आली होती. नवी आवृत्ति आल्यावर पहिल्या पंधरवड्यांत त्याचे सोबती त्याच्याकडे पाहूं लागले, आणि तो कोणाकडेच पाहीनासा झाला. सूनबाई सांगूं लागल्या कीं पोरगा पानावर बसतो पण जेवत नाहीं. एका रविवारीं दुपारच्या चहाच्या वेळीं थोरल्या मुलानें विषय काढला.

“बाबा, तुम्हीच सांगा त्याला. चार वर्षें घातलीं, आणि सातां समुद्रांपलीकडे बसून कोणीतरी तीं एका रात्रींत पुसून टाकलीं. उद्यां पुन्हां बदलतील. तो संगणक विकून टाकूं, म्हणजे प्रश्न मिटला.”

नातू खालच्या मानेनें म्हणाला, “आजोबा, माझा हात तोच आहे. तो चुकत नाहीं. गोळ्याच जात नाहींत.”

एकत्र कुटुंबांत वडील माणसास न्यायाधीशाचें काम न मागतां मिळतें. मुलाचें म्हणणें गैर नव्हतें. बापाला पोराच्या वर्षांचा हिशेब ठेवावाच लागतो. परंतु ‘पुसून टाकलीं’ हा शब्द आम्हांस लागला, आणि त्यास कारण आमच्या स्वतःच्या वडिलांचें उदाहरण. तेही शिक्षक होते. हा लेख ज्या वळणाचा आहे तें वळण त्यांनीं घरीं पाटीवर गिरवून घेतलेलें. मराठी साहित्य महामंडळानें १९६२ सालीं शुद्धलेखनाचे १४ नियम केले, पुढें १९७२ सालीं त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली, आणि केवळ व्युत्पत्तीमुळें लिहिले जाणारे, उच्चारांत न येणारे अनुस्वार लेखनांतून गेले. त्यापूर्वीं वीस वर्षें आमच्या वडिलांनीं मुलांच्या वह्यांत गाळलेले अनुस्वार तांबड्या शाईनें भरले होते. त्यापुढें भरलेले अनुस्वार त्याच तांबड्या शाईनें खोडावयाचे त्यांच्या नशिबीं आलें. निवृत्त होईपर्यंत त्यांनीं तें काम चोख केलें. शाळेच्या वहींत नवें वळण, घरच्या पत्रांत जुनें. आम्हीही शिक्षक झाल्यावर हाच शिरस्ता चालविला. कोणी त्यांस विचारलें कीं, एवढी मेहनत फुकट गेली असें वाटत नाहीं काय, तर ते म्हणत, “अनुस्वार कोठें द्यावा हें ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो कोठें गाळावा हें चटकन् कळतें.”

आम्हीं निवाडा दिला तो असा. संगणक विकावयाचा नाहीं. परंतु दोन महिने सामने बंद. रोज एक तास, तोही कोऱ्या भिंतीपुढें. आणि जें चुकेल तें त्याच दिवशीं वहींत टिपून ठेवावयाचें. वही आठवड्यांतून एकदां आम्हांस दाखवावयाची. बंदुकींतलें आम्हांस कांहीं कळत नाहीं. पण चुकांची वही तपासण्यांत आमचा जन्म गेला आहे.

तीन आठवड्यांच्या नोंदींवरून एक गोष्ट उघड झाली. गोळ्यांचा क्रम नातवास पाठ होता, आणि तो त्याच्या हातांतून गेलाही नव्हता. पूर्वी तो डोळे मिटून चालावें तसा हात चालवी. आतां पडद्यावरचें हलणें निराळें दिसूं लागल्यामुळें डोळा त्या हलण्यामागें जाई आणि हात डोळ्याच्या मागें. दुसरी चूक थांबण्याची. जुन्या तालाच्या संवयीनें तो किंचित् आधीं घोडा दाबी, म्हणजे पाय पुरते थांबलेले नसत. ‘गोळ्याच जात नाहींत’ हें वाक्य त्यानें वहीच्या पहिल्या पानावर लिहिलें होतें. तिसऱ्या आठवड्यांत त्यानें तें स्वतःच खोडून खालीं लिहिलें, ‘पाऊल आणि डोळा.’ ज्या विद्यार्थ्यास आपली चूक दोन शब्दांत सांगतां येते तो अर्धा उत्तीर्ण झालाच असें आमचें मत आहे.

नव्या आवृत्तींत नवख्यांसाठीं एक सोय आहे. रोख दाखविणारें फुलीचें चिन्ह बंदुकीच्या धक्क्याबरोबर आपोआप सरकत राहतें, म्हणजे पुढची गोळी कोठें जाईल तें डोळ्यांना दिसतें. नातवानें ती सोय दोन दिवस वापरून पाहिली आणि बंद केली. आम्हीं कारण विचारतां तो म्हणाला, “आजोबा, ती चालू असली कीं मी तिच्याकडेच बघत बसतों, समोरच्याकडे नाहीं.” संस्कृत शिकणारा मुलगा अर्थाची पुस्तिका मांडीवर घेऊन बसला कीं श्लोकाऐवजीं पुस्तिकाच वाचतो, हें आम्हीं तीस वर्षें पाहिलें आहे.

मनाचा निरोध कसा करावा हें सांगतांना पतंजलीनें अभ्यास आणि वैराग्य अशी जोडी सांगितली. गीतेंतही ती जोडी आहे. लहानपणीं आम्हांस वाटे कीं, अभ्यास विद्यार्थ्यांसाठीं आणि वैराग्य संन्याशांसाठीं. नातवाची वही तपासतांना या जोडीचा एक साधा, घरगुती अर्थ आमच्या ध्यानांत आला. नवें वळण हातास लावणें हा अभ्यास. आणि जुन्या वळणाबद्दल हळहळ न करतां त्यास निरोप देणें हें वैराग्य. पुष्कळांना पहिलें जमतें, दुसरें जमत नाहीं. ते नवें शिकतात, परंतु प्रत्येक चुकीच्या वेळीं ‘पूर्वी असें नव्हतें’ म्हणून थांबतात, आणि त्या थांबण्यांत शिकलेलें सांडतें. एकोणीस वर्षांच्या मुलास वैराग्य शिकावें लागलें हें पाहून आमच्या सौभाग्यवतींना हंसूं आलें. पण त्या वयांत तें जितकें लवकर जमतें तितकें आमच्या वयांत जमत नाहीं.

खऱ्या नेमबाजींत तर याहून कठीण प्रसंग येऊन गेले आहेत. हंगेरीच्या सैन्यांतील कारोय टाकाच हा पिस्तुलाचा नामांकित नेमबाज. १९३८ सालीं सरावांत हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्यानें गुपचूप डाव्या हातानें सराव आरंभिला आणि १९३९ सालीं आपल्या देशाचें अजिंक्यपद मिळविलें. महायुद्धामुळें १९४० व १९४४ चे ऑलिंपिक सामने झालेच नाहींत. तरी १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकांत, वयाच्या ३८ व्या वर्षीं, त्यानें सुवर्णपदक जिंकलें, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें पुन्हां जिंकलें. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांत कांस्यपदक मिळविलें तें ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या प्रकारांत. तो अंतिम सामना आमच्या घरीं सर्वांनीं एकत्र बसून पाहिला. आधीं गुडघा टेकून, मग पालथें पडून, मग उभें राहून. एकाच सामन्यांत तीन वेळां शरीराची सारी मांडणी मोडावयाची आणि नव्यानें रचावयाची. गुडघ्यावर साधलेला तोल उभें राहिल्यावर कामास येत नाहीं. श्वास रोखण्याची आणि मन स्थिर करण्याची शिस्त मात्र तिन्ही ठिकाणीं तीच लागते.

तथापि अशा यशाच्या गोष्टी सांगून मुलांची समजूत घालण्यांत एक धोका असतो. त्यांना वाटूं लागतें कीं, मेहनत केली म्हणजे गेलेलें सर्व परत मिळतें. महाभारत याबाबत फार प्रामाणिक आहे. अंगठा देऊन टाकल्यावर एकलव्यानें धनुष्य टाकलें नाहीं. उरलेल्या बोटांनीं तो बाण सोडूं लागला. परंतु पूर्वीची चपळता त्याच्या हातीं राहिली नाहीं, असें आदिपर्वांत स्पष्ट म्हटलें आहे. गुरुदक्षिणेची कथा सर्वजण सांगतात. अंगठ्यावांचून त्यानें पुन्हां धनुष्य हातीं घेतलें, तो दिवस कोणी सांगत नाहीं. आम्हांस मात्र आतां तोच दिवस अधिक मोठा वाटूं लागला आहे. नातवासही आम्हीं ही गोष्ट सांगितली, आणि तिचा शेवट लपविला नाहीं.

आणि घडलेंही कांहींसें तसेंच. दोन महिन्यांनंतर त्याचा हात पुष्कळसा बसला, पण पुरता पूर्वीसारखा नाहीं. संघांत एक नवा मुलगा आला होता. त्यास जुन्या आवृत्तीचा गंधही नव्हता. त्यामुळें विसरावें असें त्याच्यापाशीं कांहींच नव्हतें, आणि त्याचा नेम सरस पडूं लागला. स्पर्धेच्या आधीं नातवानें आपण होऊन मुख्य बंदूकधाऱ्याची जागा त्या मुलास दिली, आणि कोणी कोठें जावें, धूर कोठें सोडावा, केव्हां थांबावें, हें सांगण्याचें काम आपल्याकडे घेतलें. मैदानें जुनींच होतीं, आणि तीं त्याच्याइतकीं कोणास पाठ नव्हतीं. संघ उपांत्य फेरींत हरला. त्या रात्रीं नातू घरीं येऊन पोटभर जेवला, एवढें सूनबाईंनीं आम्हांस मुद्दाम येऊन सांगितलें.

जागा सोडणें त्यास सोपें गेलें नसेल. आमच्या घराचा जमाखर्च चाळीस वर्षें आमच्या हातीं होता, आणि तो मुलाच्या हातीं देतांना किल्ल्यांचा जुडगा किती जड लागतो तें आम्ही जाणतों. परंतु त्यानें तें केलें, व त्याबद्दल आम्हीं त्याची पाठ थोपटली नाहीं. कारण कांहीं गोष्टी कौतुकानें लहान होतात.

आमच्या वयाच्या वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. मुलांची वर्षें कोणत्या खेळांत गेलीं हें जरूर पाहावें. पण त्या खेळांत त्यांना चूक ओळखावयास, ती लिहून ठेवावयास, आणि गरज पडल्यास आपली जागा दुसऱ्यास द्यावयास कोणी शिकविलें कीं नाहीं, हें आधीं पाहावें. तें शिकविणारें कोणी नसेल तर शेजारीं खुर्ची ओढून आपण बसावें. खेळ कळलाच पाहिजे असें नाहीं.

आमचे थोरले चिरंजीव करसल्लागार आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक सर्व वस्तूंवरून जाऊन ५ आणि १८ टक्के हे दोन मुख्य टप्पे उरले, व तोंडपाठ असलेले तक्ते निरुपयोगी झाले. आठ दिवस ते चिडचिड करीत होते. नवव्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं मुलाच्या कपाटांतून एक कोरी वही मागून घेतली, पानावर मधोमध रेघ मारली, आणि एका बाजूस जुना दर, दुसऱ्या बाजूस नवा, असें लिहीत बसले. नातवानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं वर्तमानपत्र जरा उंच धरलें.